नितीनला उचलताना

"आमचा दादा गेला रे..." नितीनच्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी कॉलेजला निघालो होतो. बिडकीनच्या कंपनीत सकाळच्या पाळीला जाताना त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं धडक दिली होती. आज महिना झाला. लिहावं की नाही, हेच इतके दिवस ठरत नव्हतं.

नितीन जिम्नॅस्टिक्समधला, रिंगांवरचा खेळाडू. विद्यापीठाच्या स्पर्धेत सलग दोन वर्षं सुवर्णपदक. रिंगा इतक्या उंच असतात की खेळाडूला कुणीतरी कमरेला धरून वर उचलावं लागतं. आमच्या सरांच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. माझे वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात हमाल, त्यामुळं उचलायचं कसं हे मला घरातूनच ठाऊक होतं. बाकी काहीच ठाऊक नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. कुणाशी बोलायलाही भ्यायचो. पहिल्याच दिवशी नितीन वरून ओरडला, "आरं पम्या, कांद्याचं पोतं हाय का मी? हळू की!" सगळे हसले. मीही हसलो. कॉलेजात तसा पहिल्यांदाच.

तो तिसऱ्या वर्षाला असताना त्याचा उजवा खांदा दुखायला लागला. उचलताना त्याचं अंग कापायचं, ते फक्त मला कळायचं.

"सरांना सांगू का?"

"येडा हाय का तू? घरी बसवतील मला. देशपातळीवर पदक आलं तरच खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी हाय. तू नुसतं उचल."

विद्यापीठाच्या स्पर्धेत मी उचललं. दोन्ही हात आडवे पसरून तो रिंगांवर थांबला, हलला नाही. तिसरं सुवर्ण मिळालं. खाली उतरला तेव्हा उजवा हात वर जात नव्हता. डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं... पुढची देशपातळीची स्पर्धा गेली, नोकरी गेली. राहिली बिडकीनची कंपनी आणि तो रस्ता.

वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू नसतं उचललं तर दुसऱ्यानं उचललं असतं." मला धीर द्यायला म्हणाले असतील. पण तिथं दुसरं कुणी नव्हतं.

परवा सरांनी बोलावलं म्हणून हॉलमध्ये गेलो. दुसऱ्या वर्षाचा एक खेळाडू हातांना पांढरी पावडर चोळत रिंगांखाली उभा होता. मी त्याच्या कमरेला धरलं आणि विचारलं, "खांदा दुखतो का?"

"नाय दादा, काय नाय. उचला तुम्ही."

माझे हात तसेच राहिले. अंग कापतंय का, ते बघत होतो. नीट कळेना... सर तिकडून म्हणाले, "काय झालं रे?"

मी गुडघे वाकवले आणि त्याला उचललं.