कोठीघरातली पाठवणी

कासार आंबोलीच्या आमच्या घराण्यात पुरुष रडत नाहीत. त्यांना कांदा झोंबतो. आमच्या वडिलांना, म्हणजे आबांना, म्हैस विकली तेव्हाही कांदाच झोंबला होता. (त्या दिवशी एकादशी होती.)

त्यामुळे धाकट्या बहिणीच्या, सोनीच्या पाठवणीची वेळ झाली, तसा मी मुकाट्याने कार्यालयाच्या कोठीघरात शिरलो. आत कांद्याच्या पोत्यावर आबा बसलेले. फेटा मांडीवर, डोळे लालबुंद.

"आबा, तुमी हितं?"

"कांदं बघतोय. नासलं-बिसलं न्हाईत ना."

"मी बी त्येच बघाया आलोय."

"बघा, बघा," तांदळाच्या पोत्यांमागून आवाज आला. आमचे चुलते, तात्या! ते अक्षता पडल्यापासून तांदूळ बघत होते.

एवढ्यात आचाऱ्याच्या माणसाने बाहेरून कडी घातली आणि तो निघून गेला. माझा मोबाईल आईच्या पर्समध्ये, कारण शेरवानीला खिसाच नव्हता. बाहेर माईकवर पुकारा सुरू झाला, "वधूपित्यांनी गाडीपाशी यावं. नवरी गाडीत बसंना." मी दार वाजवायला हात उचलला, तर आबांनी तो धरला.

"थांब. डोळं निवू दे. लोकं काय म्हनतील?"

"आन् सोनी तशीच गेली म्हंजे?"

आबांनी फेट्याचा शेव डोळ्यांना लावला. मला त्यांची फार माया आली.

तेवढ्यात कडी निघाली. दारात शालू सावरत सोनी उभी, मागे सगळं वऱ्हाड.

"मला ठावं व्हतं. म्हैस गेली तवा भुशाच्या खोलीत, आज हितं."

"अगं, कांदा झोंबला."

"आबा, कांदं अख्खं हायेत."

आबांनी एकदा पोत्याकडे पाहिलं आणि लेकीला जवळ घेऊन सगळ्या वऱ्हाडासमोर मोठ्यानं रडले. तात्याही सुरू झाले. लोक काहीही म्हणाले नाहीत. उलट व्याह्यांनीच उपरण्याला नाक पुसलं.

मी मात्र शेवटपर्यंत खंबीर राहिलो. लग्नाच्या व्हिडिओत ते दिसलंही असतं, पण कॅमेरा माझ्याकडे नव्हता. आवाज तेवढा आलाय. सोनीच्या सासूबाई अजून विचारतात, "पाठवणीला हंबरडा फोडणाऱ्या त्या मावशी कोण गं?"

सोनी शांतपणे सांगते, "आमच्या घरातल्याच. त्यांना कांदा लई झोंबतो."