लाल डब्यातला राक्षस

महिला दिनाला कंपनीतल्या सगळ्या बायकांना चहाची गाळणी वाटणारा महाभाग कोण, असं आमच्या कारखान्यात कुणालाही विचारा. लोक थेट माझ्या टेबलाकडे बोट दाखवतील. चाकणला गाड्यांचे फिल्टर बनवणाऱ्या एका कंपनीत मी ॲडमिन सांभाळतो. म्हणजे बसगाड्या, कॅन्टीन, पुष्पगुच्छ आणि सणवार. मशीन बिघडलं तर मेंटेनन्सवाल्यांना फोन जातो, सण बिघडला तर मला. मला जास्त फोन येतात.

आमचा खरा सण खंडेनवमीचा. त्या दिवशी लाइन बंद. मशिनं धुऊनपुसून लख्ख, वर झेंडूचे हार, आणि घरची माणसं थेट आत शॉपमध्ये, मशिनांपर्यंत. एरवी घरी चार शब्द न बोलणारा बाप त्या दिवशी पोरीचा हात धरून "हे माझं मशीन" म्हणून दाखवतो, तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघावं. आणि अशा कौतुकाच्या मशीनला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून प्रत्येकावर राक्षसाचा एक मुखवटा टांगायचा, ही जुनी पद्धत. शिंगं, मिशा, बाहेर आलेली जीभ. ट्रकच्या मागे असतो तोच.

गेल्या वर्षी नवी लाइन बसली होती. ती बसवत होते केनियाहून आलेले एक इंजिनियर. आमची कंपनी त्यांच्या देशात कारखाना काढणार, तो पुढे तेच चालवणार, म्हणून वर्षभर इथे. वाकडला फ्लॅट, बायको आणि सात-आठ वर्षांची मुलगी सोबत. "झालं का?" आणि "चला राव" एवढं मराठी त्यांनी पहिल्याच महिन्यात उचललं होतं आणि त्यावर ते आख्खी शिफ्ट हाकायचे. नव्या लाइनचं बटण खंडेनवमीला त्यांच्या मुलीने दाबायचं, असं ठरलं होतं. तिने म्हणे नवा परकर-पोलका शिवून घेतला होता.

एवढा मोठा प्रसंग, मग माझं डोकं चाललं. म्हटलं, तोच तो जुनाट राक्षस किती वर्षं? काहीतरी आधुनिक करू. आकुर्डीच्या फ्लेक्सवाल्याकडे गेलो. त्याने नेटवरून पन्नास भीतिदायक तोंडं काढून दाखवली. मी त्यातलं एक निवडलं: डांबरासारखं काळं, जाड लाल ओठ, कुरळे केस, नाकात हाड. "हा एक नंबर," मी म्हणालो. खाली कंपनीचं चिन्ह टाकलं. चित्र तीन साहेबांकडे सहीला गेलं, तिघेही हसले, तिघांनीही सही केली. तिसरी सही आमच्या प्लांटच्या मोठ्या साहेबांची. मग मी इतका खूश झालो, की सप्लायर लोकांना जायच्या दसऱ्याच्या मिठाईच्या खोक्यांवरही त्याचेच स्टिकर मारून घेतले.

खंडेनवमीच्या दोन दिवस आधी मुखवटे लागले. नव्या लाइनवर आमचा एक फिटर शिडीवर चढला होता. जवळच्याच गावचा, मोठ्या गळ्याचा गडी. केनियाचे हे पाहुणे खाली उभे. फिटर मुखवट्याकडे आणि त्यांच्याकडे बोट करत वरून ओरडला, "सायेब, तुमचा फोटू लावला बगा! आता दिष्ट लागायची न्हाई!"

सगळी लाइन खो खो हसली. मीही. पाहुणेही हसले. पण ते बाकीच्यांच्या आधी हसले, हे मला तेव्हाच जाणवलं होतं. त्याचं काय करायचं ते मात्र कळलं नाही, म्हणून मी झेंडूचा भाव विचारायला निघून गेलो.

दुपारी मोठे साहेब राउंडला आले. हा माणूस म्हणजे पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि हसला तर लोक तारीख विचारतात असा. त्यांनी पाहुण्यांना इंग्रजीत विचारलं, "परवा घरचे किती वाजता येताहेत? गाडी पाठवतो."

"नको. मुलीला जरा कणकण आहे. मी एकटाच येईन."

"परवा असलेली कणकण आजच कळली?"

पाहुण्यांनी एकदा वर बघितलं. साहेबांनी मान वर केली. मुखवट्याकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे, मग खाली मुखवट्यावरच्या आमच्या चिन्हाकडे. त्या चेहऱ्यावर मी राग शोधत होतो, कारण रागाची मला सवय आहे. तिथे भलतंच होतं. आपल्याच कारखान्याचा माल गिऱ्हाइकाच्या गाडीत फुटलेला पाहिल्यावर होतो, तसा चेहरा.

ते एवढंच म्हणाले, "रिजेक्शन आहे. सगळा माल थांबवा."

आता, आमच्या धंद्यात खराब माल सापडला की काय करतात ते सांगतो. आधी तो जिथे असेल तिथून उचलून लाल डब्यात टाकायचा, लाल डब्याला कुलूप असतं. गेटबाहेर गेला असेल तर मागे आणायचा. मग फळ्यासमोर उभं राहून "का?" विचारायचं, उत्तर आलं की त्यालाही "का?", असं तळ लागेपर्यंत. साहेबांनी माझ्या राक्षसाला हीच वागणूक दिली.

मिठाईचा टेम्पो अर्ध्या तासापूर्वी निघाला होता. मी बाइकवर मागे. एरवी चाकण चौकातल्या ट्रॅफिकला मी ज्या शिव्या देतो त्या इथे छापता येणार नाहीत, पण त्या दिवशी कांद्याच्या गाड्यांनी चौक असा गच्च धरला होता, की मी मनातल्या मनात सगळ्या कांद्यांना नमस्कार घातला. टेम्पो सापडला. ड्रायव्हर आरामात शेंगा खात बसला होता.

"गाडी वळव भावा. माल परत."

"का ओ? मिठाईत काय निगालं का?"

"मिठाईत नाही. माझ्या डोक्यात."

"मंग सगळी मिठाई का परत?" हा त्याचा प्रश्न रास्त होता.

संध्याकाळी फळ्यासमोर आम्ही जमलो: सही करणारे तिघे, फिटर आणि मी. पाहुण्यांना साहेबांनी बोलावलं नव्हतं. मी विचारलं, त्यांची माफी मागायला त्यांना बोलावायला नको का? साहेब म्हणाले, "दोष आपल्या घरात सापडलाय. गिऱ्हाइकाला उभं करून त्याच्याकडून शिकवणी घ्यायची का? आधी आपलं आपण बघू."

मी खडू घेतला आणि धीर करून मोठ्या अक्षरात लिहिलं, "चूक माझी." मला वाटलं, सुटलो. साहेबांनी डस्टर घेऊन पुसलं.

"माणसाची चूक हे उत्तर या फळ्यावर चालत नाही, माहीत आहे ना? तुमच्यावर ढकललं की कंपनी मोकळी. उद्या तुमच्या जागी दुसरा येईल आणि तोही हेच चित्र निवडेल. का?"

मग एकेक का सुरू झाला. हा मुखवटा का? दृष्ट लागू नये म्हणून. हाच का? भीतिदायक वाटला म्हणून. त्यात भीतिदायक काय? सगळे चित्राकडे बघायला लागले. शिंगं नव्हती, सुळे नव्हते. होता तो रंग, ओठ आणि केस. म्हणजे माणूसच होता. आपण राक्षस शोधायला गेलो आणि माणूस उचलून आणला, हे मला तिथे उभं असताना पहिल्यांदा दिसलं, आणि हातातला खडू उगाच जड झाला.

"तीन सह्या झाल्या. कुणालाच का खटकलं नाही?" साहेबांनी विचारलं, आणि स्वतःच खडू घेऊन लिहिलं, "तिसरी सही माझी. मी चित्र पाहिलं, चिन्ह नीट बसलंय का एवढंच तपासलं. आणि हसलो." खाली तारीख घातली.

मग फिटरकडे वळले. "तू का बोललास?"

फिटर बुटाकडे बघतच बोलला. "सायेब, मला साळंत डांबऱ्या म्हणायचे. लय राग यायचा. मग मीच लोकांच्या आधी म्हणाया लागलो, आन् मीच आधी हसाया लागलो. म्हंजी कमी लागतं." मग म्हणाला, "आज त्ये सायेब तसंच हसले. मला वळखू आलं हुतं. तरीबी मी शिडीवरनं न्हाई उतरलो."

एवढा मोठ्या गळ्याचा गडी, पण हे शेवटचं जेमतेम ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट सुरू व्हायच्या आधी साहेबांनी सगळ्यांना उभं केलं आणि फळा जसाच्या तसा वाचून दाखवला, स्वतःच्या सहीसकट. माझं नाव त्यात नव्हतं. मग ते पाहुण्यांकडे गेले. "कंपनीचं चुकलं. तुमच्या घरच्यांनी यावं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी आग्रह करणार नाही." पाहुण्यांनी मान डोलवली आणि कामाला लागले. पुढे काय, ते कुणालाच कळलं नाही. मुलीचा हात पोचावा म्हणून बटणासमोर ठेवायला मी लाकडी स्टूल आणलं होतं, ते तिथेच ठेवावं की उचलावं, या विचारात दिवस गेला. ठेवलं.

खंडेनवमीला मशिनांवर लिंबू-मिरची आणि आंब्याचे डहाळे, बाकी काही नाही. पाहुणे आले. एकटेच. आल्या आल्या हात मागे बांधून त्यांनी लाइनवर चक्कर मारली. क्वालिटीचे लोक ऑडिट करतात तशी: पॅनेलच्या मागे, कपाटाच्या वर, कन्व्हेयरच्या खाली वाकून. फिटर आणि मी मागोमाग. कुठेच काही नव्हतं. माझी छाती फुगत चालली. शेवटी ते पार्किंगकडे वळले आणि माझ्या बाइकपाशी थांबले.

हेडलाइटच्या खाली तो होता. लाल ओठ, नाकात हाड. पहिलाच नमुना, हौसेने मीच बांधलेला. त्यालाच घेऊन मी परवा टेम्पोच्या मागे धावलो होतो, अख्ख्या चाकण चौकातून.

फिटरने कपाळावर हात मारला. "काय ओ ॲडमिन सायेब!"

पाहुण्यांनी सुतळी सोडली, मुखवटा माझ्या हातात दिला आणि इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं इतक्या गंभीरपणे विचारलं, "झालं का?"

"झालं," मी म्हणालो. शॉपमध्ये जाऊन तो लाल डब्यात टाकला. कुलूप त्यांनीच लावलं, ओढून पाहिलं. आणि हसले. या वेळी सगळ्यात शेवटी, आम्ही दोघं हसून झाल्यावर.

मग त्यांनी खिशातून फोन काढला. त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. मला कळला फक्त शेवटचा शब्द. "चला."

गेटबाहेर उभ्या असलेल्या गाडीचं दार उघडलं आणि आधी एक हिरवा परकर बाहेर आला. मी स्टूल पुसायला धावलो.