खालांची हाक

मेडिकलमध्ये डोळ्यांच्या थेंबांची बाटली दिसली की पनवेलचं जुनं घर आठवतं. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि बोललेलं लिहून घेऊन वेळेवर आठवण करून देणारं त्यांचं अ‍ॅप नेमकं तेव्हाच बंद पडलं. मी दुसरी अ‍ॅप्स टाकून पाहिली, पण त्यांचं “डोल्यान औषध घालाचा हाय” एकालाही कळेना. “जाऊ दे, मना नाय जमाचा,” म्हणत ते हिरमुसले. ते ऐकून शेजारच्या खाला कुंपणाशी आल्या. “भाऊ, नमाजची वेळ मी कधी चुकवत नाय. तेव्हा हाक मारीन, दवा घाला.” डोळे बरे झाले, थेंब बंद झाले, तरी हाक येतच राहिली आणि बाबा आतून “घातला गो!” म्हणत राहिले. आता वाटतं, थेंब बंद झाल्याचं खालांनाही ठाऊक असणार.