मार्थानं मागं घेतलेली साक्ष

मार्था गेली तेव्हा मी तिच्यापाशी नव्हतो. उमरग्याच्या दवाखान्यात आमची लेक प्रेमा तिच्या उशाला बसली होती आणि मी घरी अंघोळीला आलो होतो. बादलीत पाणी काढतोय तोवर मस्तानभाई दारात आले. हायवेला माझं पंक्चरचं दुकान आहे, त्याला लागून यांचं चहाचं हॉटेल. हातात फोन, पण बोलेनात. एरवी ह्या माणसाचं तोंड मिटत नाही... मीच विचारलं, "गेली का?" ते म्हणाले, "दाविदभाई, आधी सदरा घाला." बस, एवढंच. बादली तशीच राहिली. सांजच्याला तिला मातीत ठेवून आलो आणि सकाळच्याच त्या पाण्यानं हातपाय धुतले.

आता काही आठवडे झाले. माणसं भेटायला येतात, ती सुखात आहे म्हणतात. असंल. मला करमत नाही, ते कुणी बोलत नाही. आमच्या चर्चचे पाळक म्हणाले, "काका, काकूंबद्दल पेपरात लिहा." मी चार यत्ता शिकलेला माणूस. शब्द सापडत नाहीत, आणि सापडले तर गोड निघत नाहीत. पण एक गोष्ट लिहायलाच पाहिजे, कारण ती लोक अर्धीच सांगतात. मार्थाबाईनं बरी झाले म्हणून चर्चमध्ये साक्ष दिली आणि मेली, असं म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पाठीमागं म्हणतात. खरं सांगायचं तर त्यांच्या आधी मीच म्हटलं होतं. तिचा देव खरा, का तिची फसगत झाली, एवढा एकच सवाल माझ्या पोटात होता. अजून सगळा गेलेला नाही.

लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं एक बोलणं ठरलेलं होतं, देव खोटं बोलत नाही. मी चिडवायचो. एकदा अणदूरच्या फाट्यावर आम्ही भर उन्हात एसटीची वाट बघत उभे. ती म्हणाली, गाडी येईल. म्हटलं, "देव म्हणला का तुला?" तर म्हणाली, "देव न्हाय म्हणला, मघाचा कंडक्टर म्हणला. कंडक्टर खोटं बोलंल, देव न्हाय." गाडी आलीच नाही. टेम्पोत कांद्याच्या पोत्यांवर बसून घरी आलो. वाटेत मी तोंड फुगवून, आणि ही एकटीच हसत, "बघा, म्या कंडक्टरचंच नाव घेतलं हुतं." असली बाई. मी रविवारी चर्चला जायचो ते तिच्यामागं, सवयीनं. ती जायची ते खरोखर कुणाला तरी भेटायला निघाल्यासारखी, डोक्याला तेल लावून, धुतलेलं लुगडं नेसून.

तिच्या पोटात गाठ निघाली. सोलापूरला उपचार चालू झाले. तिथले डॉक्टर चांगले, त्यांचा दोष नाही. ते म्हणाले, गाठ बारीक झालीय, औषध लागू पडतंय, पुढं बघू. त्यांचं "पुढं बघू" हिनं ऐकलंच नाही, मीही ऐकलं नाही. आमच्यात उपासनेत उभं राहून देवानं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतात, त्याला साक्ष म्हणतात. त्या रविवारी ही उभी राहिली आणि म्हणाली, "देवानं मला बरं केलं. गाठ काढून टाकली." बायका रडल्या, टाळ्या वाजल्या. मग रीतीप्रमाणं उपकारस्तुतीचं जेवण घातलं. मटण शिजवलं, सगळी मंडळी पंगतीला. मस्तानभाईही आले, चार घास जास्त खाल्ले आणि म्हणाले, "भाभी, दर साल ऐसाच बरं व्हा, हमारी दावत होती." ती वाढता वाढता हसली. तिचं तसं हसणं मी नंतर बघितलं नाही.

पाऊस सरता सरता दुखणं परत आलं. ह्या वेळेला डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, आता घरी ठेवा, खाईल ते खाऊ द्या. मी घरी येऊन तिच्यावरच ओरडलो. म्हटलं, "कुठं गेला तुझा देव? बरं करतो म्हणून सांगितलं आणि पळाला का?" आजारी माणसावर ओरडू नये, पण ओरडलो. ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "अवो, तेनं कधी सांगितलं?" म्हटलं, "मग साक्ष कशाची दिलीस?" तिनं पाठ सावरून घेतली, मला वाटलं दुखतंय. मग म्हणाली, "तेच तर. तेनं न्हाय सांगितलं. सोडणार न्हाय म्हणला, संग राहीन म्हणला. बरं करीन हे म्याच तेच्या तोंडात घातलं. गाठ बारीक झाली आणि म्या गेली म्हणून सांगितलं." मी म्हटलं, झालं ते झालं, कोण विचारतंय. तर म्हणाली, "मी मेले की लोक तेलाच खोटा म्हणतील. माझ्या बोलण्यानं देव खोटा पडू ने. मला चर्चला न्या. ती साक्ष मागं घ्यायची हाय."

असं कधी ऐकलं नव्हतं. साक्ष देतात, मागं कोण घेतं? प्रेमा रडायला लागली, "आई, लोक हसतील." ही म्हणाली, "हसू दे की. बसलेली माणसं तेवढीच जागी राहतील."

रविवारी मी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून नेलं, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मस्तानभाई. ते दाराबाहेर थांबले. साक्षीची वेळ आली तशी तिनं हात वर केला. उभं राहता येईना, बसूनच बोलली. म्हणाली, "मी बरी झाले म्हणून सांगितलं हुतं, ते खरं न्हवतं. गाठ हाय. ते बोलणं माझं हुतं, देवाचं न्हवतं. ते माघारी घ्या." सगळे खाली बघायला लागले. पाळक बिचारे तरुण, पुढं येऊन म्हणाले, "काकू, असं नका म्हणू, देव अजून करू शकतो." ती म्हणाली, "करू शकतो, ते खरंच हाय. पण केलंय म्हणून मी सांगितलं, ते खोटं." मागून एक म्हातारी जरा रागानंच म्हणाली, "मग तुला तेनं दिलं तरी काय गं?" मार्थानं तिच्याकडं मान वळवली. "दुखतंय तवा जवळ बसतो. अजून उठून गेला न्हाय. तेवढं मी अंगावर बघितलंय आक्का, तेवढंच सांगते." त्या दिवशी कुणी टाळी वाजवली नाही. येताना मस्तानभाईंनी परत खुर्ची धरली. घराशी आल्यावर एवढंच म्हणाले, "भाभी, इतकं खरं बोलाय लई हिंमत लागते." ही दमली होती. म्हणाली, "चहा पाजा आता, फुकटचा."

त्यानंतर ती थोडेच दिवस होती. दुखणं काही कमी झालं नाही, ते लपवून मी लिहिणार नाही. ओरडायची. शेवटी सोसेना म्हणून तिला उमरग्याच्या दवाखान्यात नेलं. पण देव सोडून गेला, असं एकदा तरी तिच्या तोंडून येईल म्हणून मी कान देऊन बसायचो. आलं असतं तर मला बरं वाटलं असतं, माझा राग खरा ठरला असता. आलं नाही. प्रेमाला विचारलं, शेवटी काय म्हणाली? प्रेमा म्हणाली, "आई म्हणाली, जवळच हाय." कोण, ते प्रेमानं विचारलं नाही. आई माझ्याबद्दल बोलतेय असं प्रेमाला वाटलं असणार. मी तर घरी बादली भरत होतो.

मी ह्याचा विचार करतो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की दुसरं काय करणार. जी बाई स्वतःचं चुकलेलं बोलणं मरणाच्या दारातून उठून, चारचौघांत, हसं करून घेत माघारी घेते, ती जे माघारी घेत नाही ते लटकं कसं म्हणू? देवाचं मला कळत नाही. ती खोटं बोलत नव्हती, एवढं मला पक्कं कळतं. सध्या तेवढ्यावरच उभा आहे.

दिवेलागणीला घरात प्रार्थना व्हायची. ती बोलायची, गावातल्या आजाऱ्यांची नावं घेत, माझ्या दुखऱ्या गुडघ्यापर्यंत सगळं देवाला सांगत. मी शेवटी आमेन म्हणायचो, तेही डोळा भाकरीवर ठेवून. आता बोलणारं कुणी नाही. पहिले काही दिवस त्या वेळेला मी मुद्दाम दुकानातच बसलो. परवा मात्र लवकर घरी आलो, दिवा लावला, तिची चटई अंथरली आणि समोर बसलो. प्रार्थना मला येत नाही. डोळे मिटले... तिला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ थांबलो. मग आमेन म्हटलं.