मातीच्या तेलात धुतलेल्या वाट्या

हे मी यजमानांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. पोरांना नाही, सुनांना नाही. देवापुढेही तोंड उघडलं नाही — त्याला सगळं ठाऊकच असतं म्हणतात, मग सांगायचं कशाला, असं म्हणून वेळ मारून नेली. आता तुम्ही समोर बसला आहात असं धरून सांगते. चौथी शिकलेली बाई आहे मी, सजवून सांगता येत नाही. तरी मुद्द्यावर यायला वेळ लावीन. ते तुमच्या लक्षात येईलच.

अहेरीच्या आमच्या घराशेजारी टिनाच्या शेडमध्ये एक जुनी मिलिटरीची जीप उभी आहे. पाहुणा आला की पोरं त्याला आधी जीप दाखवतात, मग मला. "हिनंच उभी केली ती," म्हणतात. ते खोटं नाही. तिचे ब्रेक मी माझ्या हातांनी बसवले आहेत. तिचं ताडपत्रीचं छप्पर मी शिवलं आहे, आणि तशी शिवण या गावात दुसऱ्या कोणाला जमली नसती हेही सांगून टाकते. पण पोरं सांगतात ती अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी माझ्या पोटात आहे.

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत आणि गडचिरोली जिल्हा वेगळा झालेला नव्हता. माझे यजमान लाकडाच्या ठेकेदाराकडे मुनीम होते. त्यांनी नागपूरच्या लिलावातून लढाईतली ही जीप घेतली. घेतली म्हणजे काय — सांगाडाच. इंजिन मेलेलं, तळ सडलेला, चालवायचं चाक डाव्या बाजूला. शेवटच्या टप्प्यात तिला बैल जुंपून गावात आणली तेव्हा बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. सासूबाईंनी तिला दारातून ओवाळलं आणि मग मला हळूच विचारलं, "हे चालते का नुसती बसते वो?"

यजमानांच्या मनात एकच होतं. प्राणहितेच्या पलीकडून, तेलुगू मुलखातून, माणसं डोंग्यानं आठवडी बाजाराला येत. घाटापासून गावापर्यंत डोक्यावर ओझं घेऊन चालत. त्यांना आणायचं-पोचवायचं. ठेकेदाराची चाकरी सोडायची आणि आपल्या गाडीवर जगायचं.

गाडी बांधायला आले कादरभाई. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं टिनाचं दुकान होतं, जंगलातल्या सगळ्या लॉऱ्या त्यांच्याकडे येत. काम पक्कं, आणि तोंड त्याहून पक्कं. पान खाऊन सांगायचे, "माझ्या हातची गाडी थांब म्हटलं का थांबते. बायको नाई थांबणार, गाडी थांबते." हे वाक्य त्यांनी आमच्या ओसरीवर किती वेळा म्हटलं असेल! यजमान दर वेळी हसत. मी हसत नसे. खरं सांगू? मला तो माणूस आवडत नव्हता. वाईट नव्हता. मोठेपणा फार. आणि मोठेपणा मला दुसऱ्याचा कधी सोसला नाही, कारण माझा मलाच पुष्कळ होता.

हिवाळाभर ओसरीवर गाडीचे तुकडे पसरलेले. धान घरात आलं होतं, हाताला काम कमी होतं, म्हणून मी सुटे भाग धुवायला बसू लागले. मातीच्या तेलात, म्हणजे रॉकेलमध्ये, भिजवायचे, काथ्यानं घासायचे, सुपात ओळीनं मांडायचे. तांदूळ निवडताना खडा सुटत नाही माझ्या नजरेतून. तशीच मी प्रत्येक खाच साफ केली. कोणता नट कुठला, हे काही दिवसांनी मला कादरभाईंच्या आधी समजू लागलं. सागवानी फळ्यांचा तळ झाला. मागे समोरासमोर बाकडी बसवली, पाट्यांचे स्प्रिंग जाड केले. मूळच्या जीपपेक्षा ती चांगली झाली, हे मी आजही पैजेवर सांगते.

मी मुद्दा टाळते आहे, नाही का? येते.

ब्रेकमध्ये रबराच्या लहान वाट्या असतात. पाय दाबला की तेल त्या वाट्यांना ढकलतं आणि चाक आवळलं जातं. तेल म्हणजे एरंडीचं, स्पिरिट मिसळलेलं. त्या काळी आमच्याकडे दुसरं मिळत नसे. या जीपच्या वाट्या जुन्या पण धड होत्या, नुसती वर्षांची मळी चिकटली होती. कादरभाईंनी त्या वेगळ्या बशीत काढून माझ्यासमोर ठेवल्या. "बाई, हे तुमच्या घरचे भांडे नोहोत. रबराले मातीच्या तेलाचा थेंबही लागला नाई पाहिजे. फुगते. स्पिरिटच्या फडक्यानं पुसा, हळूहळू."

त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. मी स्वच्छ ऐकलं होतं. यात कुठे धूसर काही नाही.

त्या दिवशी शुक्रवार. ते नमाजाला गेले. यजमान जंगलात, लाकूडतोडीच्या कूपावर. मी फडक्यानं एक वाटी पुसली, दुसरी पुसली. मळी जाईना. समोर सुपात सगळं लोखंड, तांबं लखलखत होतं आणि या बशीत तेवढ्या काळ्या, चिकट वाट्या. घरच्या भांड्यांवरून मला शिकवतो — हे डोक्यात होतंच. लोखंडाला चालतं, तांब्याला चालतं, चामड्यालाही मी चालवलं होतं, मग यालाच काय धाड भरली? मी त्या मातीच्या तेलाच्या डब्यात टाकल्या. आणि विसरले असंही नाही. मुद्दाम राहू दिल्या, नीट सुटावं म्हणून. स्वयंपाक उरकून आले, काढल्या, पुसल्या. नव्या दिसत होत्या.

कादरभाई आले, एक वाटी बोटावर फिरवून पाहिली. सगळ्या ओसरीलाच मातीच्या तेलाचा वास, त्यांना वेगळा काय येणार? म्हणाले, "वा बाई. एवढं फडकं मी नसतं चालवलं. माझ्याच्यानं होत नाई." आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं दुसऱ्याचं काम आपल्यापेक्षा वर धरलं. तेव्हा बोलता आलं असतं. वाट्या बसल्या नव्हत्या. काय बोलले मी? काही नाही. मान खाली घातली, लाजल्यासारखी. लाजले नव्हते. खूश झाले होते.

दोन-चार फेऱ्या गावातल्या गावात झाल्या. ब्रेक लागत होते. मी म्हटलं, बघा, काही होत नाही. मग बाजाराचा दिवस आला. पहिली फेरी घाटावरची. जाताना गाडी रिकामी, पुढे यजमान आणि शेजारी कादरभाई. बाकी मी पाहिलं नाही, ऐकलं. घाटाच्या उतारावर पाय दाबला तो तळापर्यंत गेला. खाली डोंग्यातून माणसं उतरत होती, पोरंबाळं, टोपल्या. यजमानांनी गाडी मोहाच्या झाडावर घातली. म्हणून खालची माणसं वाचली. यजमानांचा उजवा हात कोपरात मोडला. कादरभाईंचं कपाळ फुटलं.

यजमानांना गाड्यावर घालून दवाखान्यात नेलं. सासू-सासरे मागोमाग धावले. मी घरी चूल विझवायला राहिले, तोवर कादरभाई आले. डोक्याला रुमाल, त्यातून रक्त. ओसरीवर चढले नाहीत. अंगणातूनच त्यांनी मूठ उघडून दाखवली. तळहातावर चाक खोलून काढलेली वाटी होती — रात्रभर भिजलेल्या वालासारखी फुगलेली, मऊ.

"बाई, हे मातीच्या तेलात गेलं होतं का?"

"नाई," मी म्हटलं.

त्यांनी आणखी विचारलं नाही. मूठ मिटली आणि गेले.

तुम्ही म्हणाल, घरात सासरे असतील, नवी सून, भीती वाटली असेल. सासरे नव्हते, आत्ताच सांगितलं. घरात कोणीच नव्हतं. अंगणात आम्ही दोघंच. मला कोणी मारलं नसतं, टाकलं नसतं. यजमान रागावले असते आणि आठवड्यात विसरले असते, तसेच होते ते. मग नाही का म्हटलं? कारण हो म्हटलं असतं तर त्यांचं खरं ठरलं असतं. भांडी आणि गाडी यांतला फरक बाईला कळत नाही, हे त्यांचं खरं ठरलं असतं. एवढ्यासाठी.

पुढे काय झालं तेही ऐका. कादरभाईंनी ती वाटी कोणाला दाखवली नाही. दाखवली असती तर लोकांनी विचारलं असतं, धुवायला कोण बसत होतं. त्यांनी नाव घेतलं नाही. ते मोठ्या मनानं केलं की बाईच्या नावावर टाकून सुटायची लाज वाटली, मला ठाऊक नाही. बाजारात मात्र त्यांचंच वाक्य त्यांच्या मागे लागलं. भाजीवाला म्हणे, "काऊन कादरभाई, गाडीले थांब म्हणाले नव्हते का?" लॉरीवाले खिडकीतून ओरडत, "पहिले बायकोले थांबवून पाहा." मी बाजारात उभी राहून हे ऐकलं आहे. आणि ऐकताना मला काय वाटलं तेही सांगते, कारण हीच खरी लपवलेली गोष्ट आहे. मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं. थोडंसं, पण बरं वाटलं.

लॉऱ्या त्यांच्याकडे यायच्या थांबल्या. ज्याच्या ब्रेकवर मुनिमाचा हात गेला त्याच्याकडे गाडी कोण देणार? उन्हाळा लागायच्या आत त्यांनी दुकानाचं टिन उतरवलं आणि बायकोला घेऊन वरोऱ्याला मेहुण्याकडे गेले.

यजमानांचा हात पुन्हा सरळ झाला नाही. मग गाडी मी उभी केली. नागपुराहून नव्या वाट्या आणवल्या, यजमान खाटेवरून सांगत आणि मी बसवत होते. खरं तर ते सांगत त्याच्या आधीच माझा हात तिथे असे. शिकवणारा दुसराच होता. वाट्या बसवायच्या दिवशी मी मातीच्या तेलाचा डबा ओसरीवरून उचलून पार गोठ्यात नेऊन ठेवला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नेला. कोणी विचारलं नाही, का गं? गाडी चालली. पुष्कळ वर्षं चालली. तिनं बाजाराची माणसं आणली, अडलेल्या बाया दवाखान्यात पोचवल्या, माझी पोरं शिकवली. आणि गाव म्हणू लागलं — कादरभाईला जमलं नाही ते बाईनं केलं. मी हे कधी खोडलं नाही. दोन्ही कानांनी ऐकलं.

एकदाच गाठ पडली. भाचीच्या लग्नाला निघाले होते, मोटार वरोऱ्याला थांबली. रस्त्याच्या कडेला सायकलच्या दुकानात ते पंक्चर काढत बसलेले. दाढी पिकली होती. त्यांनी मला आधी ओळखलं. यजमानांच्या हाताची चौकशी केली. मग म्हणाले, "गाडीचे ब्रेक कसे हायेत?"

"चांगले आहेत, कादरभाई."

"वाट्या कशानं पुसता?"

"स्पिरिटनं."

ट्यूब पाण्यात दाबून त्यांनी बुडबुडे पाहिले. "शिकल्या, बाई," म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

तिथेही आम्ही दोघंच होतो. मोटार सुटायला वेळ होता. मी लग्नाचं बोलले, उन्हाचं बोलले, आणि येऊन माझ्या जागेवर बसले.

ते वारले, यजमानही गेले. जीप आहे. तिला रंग द्यायचं पोरांनी काढलं आहे, पुढच्या पत्र्यावर माझं नाव लिहायचं म्हणतात. म्हणून आज हे लिहिलं. वाट्या मी धुतल्या. मातीच्या तेलात धुतल्या, चालत नाही हे ऐकून धुतल्या. आणि विचारलं तेव्हा नाही म्हटलं.