बुन्दारच्या पोटातले दोन अमीर

निशापूरच्या टांकसाळीत बुन्दार नाण्यांचे ठसे कोरायचा. उलटी अक्षरं कोरून कोरून माणूसच उलटा झालाय, असं त्याची बायको सित्ती म्हणे. फोडायचं ते जपून ठेवील आणि जपायचं ते हमखास फोडील!

फीरूजान आणि शीरझाद, काका आणि पुतण्या, दोघेही स्वतःला अमीर म्हणवत आणि शहराची ओढाताण करत. काल पुतण्या जिंकला. लगेच दवंडी पिटली: काकाच्या नावाचे ठसे फोडा, कुणाकडे सापडला तर त्याचा उजवा हात तोडू. बुन्दारने सगळे फोडले, एक सोडून. त्यावरचं ‘फी’ असं काही झोकदार उतरलं होतं, की उगारलेला हातोडा त्याने हळूच खाली ठेवला आणि ठसा चिंधीत गुंडाळून ठशांच्या पेटीत तळाशी सरकवला. शिवाय काका परत येणार नाही कशावरून?

आज जुम्मा. नमाजानंतर नव्या नावाचे दिरहम गर्दीत उधळायचे होते. पहिलं नाणं न्यायला सरदार गुर्गीन स्वतः उभा होता. खाली कलम्याचा ठसा, वर अमिराच्या नावाचा, मध्ये चांदीची चकती. घण मारून मारून ठार बहिरा झालेल्या माहानने ठसे बसवले आणि घण हाणला.

बुन्दारने नाणं उचललं. शीरझाद! छान. उलटून पाहिलं.

फीरूजान.

म्हाताऱ्याने कलम्याऐवजी चिंधीतला ठसा बसवला होता!

“आण इकडे,” सरदार म्हणाला. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं, पण अमिराला येत होतं.

“थांबा सरदार, चांदी पारखून देतो.” बुन्दारने नाणं दाताखाली धरलं.

“झाली ना पारख? काढ बाहेर.”

बुन्दारने मान हलवली. सरदाराचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. बुन्दारने डोळे मिटले आणि गटकन गिळून टाकलं.

“अमिराचं नाव खाल्लंस?”

“आनंदाच्या भरात गेलं हो! नावच इतकं गोड.”

“काय झालं? घशात अडकलं का?” माहान ओरडला.

तलवारीचं टोक बुन्दारच्या पोटाला टेकलं. “चिरून काढतो.”

“काढा,” बुन्दार पुटपुटला. घाम नाकावरून ठिबकत होता. “मग दुसरा ठसेवाला शोधा. तोवर अमीर मशिदीच्या दारात रिकाम्या हाताने उभे राहतील, एवढंच.”

तेवढ्यात अजान झाली. सरदाराने दातओठ खाल्ले. “दुसरं पाड. आणि तोंड मीट, गाढवा!”

या वेळी खालचा ठसा बुन्दारने स्वतःच्या हाताने बसवला. नाणं चोख निघालं, मागोमाग बाकीचीही. सरदार थैली भरून घोड्यावर चढला. टापांचा आवाज विरला, तसा बुन्दारने काकाचा ठसा ऐरणीवर ठेवला, तोंड फिरवलं आणि माहानला खूण केली. एकाच घावात ‘फी’चे तुकडे झाले.

घरी येऊन तो पोट धरून बसला. सगळं ऐकून सित्तीने आधी त्याचा उजवा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि मगच विचारलं, “दुखतंय का रे?”

“काका-पुतणे भांडतायत.”

“भांडू देत. उद्या दोघांनाही एकाच दाराने बाहेर पडायचंय.”