एकशे शहाऐंशी मिलिमीटर

डोंगरावरच्या त्या गावात सगळे त्यांना पाऊसबाईच म्हणत. शाळेमागच्या कुंपणातलं पर्जन्यमापक सव्वीस वर्षं त्यांच्या हाती होतं. लेकीच्या लग्नादिवशीसुद्धा आधी साडेआठची नोंद, मग पाहुणे.

त्या सकाळी पंचवीस मिलिमीटरचं मोजपात्र सात वेळा काठोकाठ भरलं, आठव्यांदा अर्ध्याला जरा कमी. एकशे शहाऐंशी. बाईंनी आकडा शहरातल्या हवामान कार्यालयात कळवला आणि मुख्याध्यापिकेला फोन लावला, "ओढा फुगणार. मुलांना पुलावरून सोडू नका."

दुपारी पूल वाहून गेला. मुलं शाळेतच होती.

चौथ्या दिवशी अहवाल आला. 'अनपेक्षित पूर. उपग्रहानुसार पाऊस एकेचाळीस मिलिमीटर. पर्जन्यमापन केंद्राची नोंद संशयास्पद म्हणून वगळली.' खाली सही बाईंच्या सख्ख्या भाच्याची! तळपायाची आग मस्तकात गेली. वही काखेत मारून बाईंनी पहिली बस पकडली.

"मावशी, तू? बस ना."

"बसायला नाही आले. मला खोटं कुणी ठरवलं?"

"खोटं नाही गं. उपग्रह एवढा पाऊस दाखवत नव्हता, म्हणून..."

"त्याला पाऊस दिसतो तरी का?"

भाचा घुटमळला. "तसा नाही दिसत. ढगांचे माथे किती थंड ते दिसतं, त्यावरून अंदाज. डोंगराला अडलेले ढग बुटके असतात, माथा फारसा थंड होत नाही. तिथे तो फसतो. ठाऊक आहे आम्हाला."

"ठाऊक आहे? मग एकेचाळिसापुढे तसं लिहिलं का नाहीस? वारा सुटला की माझ्या भांड्यातही थेंब कमी पडतात. बघ, दर वेळी शेरा लिहिलाय. मी भिजून मोजलेला पाऊस चोर, आणि तुझा वरून केलेला अंदाज साव?"

शेजारच्या टेबलांवरचे हात थांबले. आतून साहेब आले. "बाई, एका केंद्रासाठी पद्धत बदलता येत नाही."

"पद्धत राहू द्या. आकडा परत लावा. पोरं पुलावर असती, तर संशय कुणावर घेतला असता?"

बाई आता खुर्चीत बसल्या आणि भाच्यानं खालमानेनं केंद्राच्या नोंदीत एकशे शहाऐंशी टाइप करेपर्यंत उठल्या नाहीत. 'अनपेक्षित' हा शब्द मात्र साहेबांनी हलू दिला नाही. अहवाल वर गेला होता म्हणे. बाईंनी तक्रारवहीत लिहिलं, 'पूर अपेक्षित होता. सकाळीच आकडा कळवला होता.' चहाला हातही न लावता त्या निघाल्या.

पुढे पावसाळाभर भाचा स्वतः आकडा विचारायला फोन करी. "मावशी, कशी आहेस?"

"एकोणीस," बाई म्हणत, आणि फोन ठेवत.